डावे आसन

दुसऱ्याचे मत त्याच्याहूनही चांगले मांडता येणे ही विद्येची मोठी कसोटी मानली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु बोलणारा उसन्या मुखाने बोलत आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसेल, तर त्या शब्दांचे उत्तरदायित्व कोणाचे? ज्याचे ते मत, तो दोनशे वर्षांपूर्वी निवर्तलेला. ज्याने ते मांडले, त्याचे ते मत नव्हे. ज्याने ऐकले, त्याने श्रद्धेने ऐकले, आणि श्रद्धेला दोष कसा द्यावा? या तिघांच्या मधोमध येवल्यातील एका घरात एक हातमाग उभा होता. तो आता उभा नाही हे आम्हांस ज्या संध्याकाळी कळले, तिचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नाशिकला पंचवटीत आमच्या पाठशाळेचे एक लहान सभागृह आहे. मी तेथे न्यायशास्त्र शिकवीत असे. आता शिकवीत नाही, पण शनिवारच्या सभेला बसतो. सभेची रीत जुन्या शास्त्रार्थाची आहे. समोर दोन आसने मांडलेली असतात. वक्ता एका शनिवारी डाव्या आसनावर बसून पूर्वपक्ष मांडतो. म्हणजे ज्या मताची परीक्षा व्हायची आहे ते मत, जणू आपलेच आहे अशा निष्ठेने, त्यात उणीव न ठेवता सांगतो. पुढच्या शनिवारी तोच वक्ता उजव्या आसनावर बसतो, त्या मताची परीक्षा करतो आणि आपला निर्णय, म्हणजे सिद्धान्त, सांगतो. डाव्या आसनावर असताना स्वतःचे मत डोकावू द्यायचे नाही. श्रोत्याने प्रश्न विचारला तरी उत्तर त्या आचार्याचेच द्यायचे. हा नियम माझ्या गुरूंनी घालून दिला. तो कोठे लिहून लावावा असे कोणाच्या मनात आले नाही, कारण येणारे सगळे जाणते होते.

ज्ञानेश माझा विद्यार्थी. न्यायाचे पहिले पाठ त्याने माझ्याकडे घेतले, पुढे तो अर्थशास्त्राकडे वळला आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात तोच विषय शिकवीत राहिला. गेल्या वर्षी त्याने सुचवले की पाश्चात्त्य अर्थचिंतनाची परंपरा आपण आपल्या रीतीने पाहावी: एकेक आचार्य, आधी डाव्या आसनावरून, मग उजव्या. मला शंका होती. बाजारभावाची चर्चा या सभागृहात कशाला, असे मी म्हणालो. तो हसून म्हणाला, "गुरुजी, त्यांतला पहिला तर नीतिशास्त्राचाच अध्यापक होता."

तो पहिला म्हणजे ॲडम स्मिथ. त्याचे दोन शनिवार ऐकल्यावर माझी शंका उरली नाही. मग माल्थस आला, मग रिकार्डो. हे दोघे जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर एकमेकांविरुद्ध होते, आयुष्यभर पत्रांतून वाद करीत राहिले, आणि तरीही रिकार्डोने मरणापूर्वीच्या शेवटच्या पत्रात मित्राला कळवले की तू माझ्याशी सहमत असतास तर तू मला याहून अधिक प्रिय झाला असतास असे नाही. हे ऐकून मला आपल्याच एखाद्या मठातली गोष्ट ऐकल्यासारखे वाटले. माणसे परकी होती. रीत परकी नव्हती.

रिकार्डोच्या पूर्वपक्षाच्या संध्याकाळी सभेत एक नवा माणूस होता. आमचे सभासद दिनेश वकील यांच्या घरी लग्नाची पैठणी पोहोचवायला येवल्याहून भारत नावाचा विणकर आला होता. परतीच्या एसटीला वेळ होता, आणि विषय यंत्रांचा व विणकरांचा आहे हे दिनेशना ठाऊक होते, म्हणून ते त्याला सोबत घेऊन आले. भारत दाराजवळ बसला. त्याने आदराने चपला पायरीच्याही खाली काढल्या होत्या आणि मोबाइल हातात धरून तो व्याख्यान ध्वनिमुद्रित करीत होता.

ज्ञानेश त्या दिवशी फार सुंदर बोलला. रिकार्डो लंडनच्या शेअरबाजारात वाढलेला माणूस. यंत्राने काम स्वस्त होते, स्वस्ताईचा लाभ सर्वांना मिळतो, आणि एका कामातून सुटलेले हात दुसऱ्या कामाला लागतात, असे तो आरंभी मानीत असे. ज्ञानेशने हे इतक्या खात्रीने मांडले की मी स्वतःही क्षणभर त्या मताचा झालो.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा भारत उभा राहिला. "सर, माझा येवल्याला हातमाग हाय," तो म्हणाला. "वडलांचा हाय. तो मी ठेवावा का नाय?"

ज्ञानेशने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. नियम त्याला ठाऊक होता. तो डाव्या आसनावरूनच म्हणाला, "ठेवू नये. जे काम यंत्र स्वस्तात करते, त्यात माणसाने आपली पाठ मोडून घेऊ नये. तुमचे हात मोकळे झाले की त्यांना दुसरीकडे अधिक मोल येईल. यात तुमचेही हित आहे आणि सगळ्यांचेही."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. अचानक आलेल्या प्रश्नासमोरही आसनाची मर्यादा सुटली नाही, याचे आम्हां सर्वांना समाधान वाटले. भारत पुढे आला, ज्ञानेशच्या पाया पडला आणि गाडी गाठायला निघून गेला.

पुढच्या शनिवारी ज्ञानेश उजव्या आसनावर बसला, आणि त्याने जे सांगितले त्याने सभा थक्क झाली. ज्या रिकार्डोचे मत त्याने आठवड्यापूर्वी मांडले होते, त्या रिकार्डोनेच ते पुढे मागे घेतले होते. आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने एक नवे प्रकरण घातले आणि लिहिले की यंत्राने श्रमिकाचे खरोखर अहित होऊ शकते. ज्या मताला आपण पूर्वी दुजोरा दिला ते आता चूक वाटते, म्हणून तसे सांगणे आपले कर्तव्य आहे, असेही त्याने लिहिले. त्याचे अनुयायी हादरले, काहींनी नाराजी कळवली. यंत्रे बंद करा असे मात्र तो म्हणाला नाही. केवळ इतके म्हणाला की कामगाराची भीती हा अज्ञानाचा भ्रम नाही.

आम्ही या वृत्तान्तावर फार वेळ बोलत बसलो. भारत त्या शनिवारी आला नव्हता, आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

निफाडकडच्या द्राक्षबागांची छाटणी होऊन वेली पुन्हा फुटल्या, तोवर आमची सभा मार्क्सपर्यंत आली होती. ज्ञानेश डाव्या आसनावर होता. बोलणे रंगात आले असताना दारात भारत उभा दिसला. अंगात कारखान्याचा निळा सदरा, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात तांबड्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू. ज्ञानेशने मान हलवून त्याला आत बोलावले. भारतने आधी सर्वांच्या हातावर पेढे ठेवले, मग ते फडके आसनासमोर ठेवून उलगडले. आत धोटा होता, मागावर आडवा धागा नेणारा, वापराने काचेसारखा गुळगुळीत झालेला.

"सर, तुम्ही म्हणले तसं केलं," तो म्हणाला. "माग मोडला. मागाखालचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली. इथं अंबडला कंपनीत लागलो, तिथंच खोली घेतली, सुट्टीला घरी जातो. घरात बायकोशी लय भांडणं झाली. पण मी म्हणलं, एवढ्या मोठ्या सरांनी भर सभेत सांगितलंय. हा धोटा तुमच्याकडं असू द्या."

दिनेश वकिलांचा पेढा तोंडाजवळ थांबला होता, आणि त्यांनी तो हळूच पुन्हा तळहातावर घेतला. कोणीही खाल्ले नाही. ज्ञानेशचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिले, त्या दिवशी पाहिले होते तसेच. पण या वेळी माझ्या उत्तराची वाट न पाहता तो डाव्या आसनावरून उठला. व्याख्यान मध्येच टाकून आसन सोडलेला वक्ता आमच्या सभेने त्यापूर्वी पाहिला नव्हता. तो उजव्या आसनावरही बसला नाही. खाली सतरंजीवर, भारतच्या समोर बसला.

"भारतराव," तो म्हणाला, "ते माझं मत नव्हतं."

भारत हसला. मोठी माणसे विनयाने असे बोलतात अशी त्याची समजूत झाली असावी. "म्हणजे कसं, सर?"

"मी दुसऱ्याचं बोलत होतो."

"पण तोंड तर तुमचंच होतं ना."

ज्ञानेशने सांगितले की ते मत लंडनच्या एका गृहस्थाचे होते, आणि त्याला वारून दोनशे वर्षे झाली.

"त्याला आमच्या येवल्याचं काय माहीत?"

"काहीच नाही."

"आणि तुमचं मत?"

"ते मी पुढच्या शनिवारी सांगितलं."

भारतने आमच्या सर्वांकडे एकदा पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि तो असता तर बरे झाले असते. "पुढच्या शनिवारी या म्हणून मला कोणी बोललं नाय," तो म्हणाला.

मग दोन आसनांची रीत मीच त्याला समजावून सांगितली. सांगताना माझ्याच कानांना ती विचित्र वाटू लागली. त्याने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की मग आता काय. मागाचे लाकूड अजून त्याच्या चुलतभावाच्या पडवीत होते. निफाडजवळ द्राक्षमळ्यात उभ्या राहिलेल्या एका हॉटेलाने ते शोभेसाठी, दर्शनी दालनात मांडायला मागितले होते, आणि सोमवारी त्यांची गाडी यायची होती. त्यानंतर माग येवल्याला परत येणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश वकिलांच्या गाडीतून ज्ञानेश आणि मी येवल्याला गेलो. भारत रात्रीच्या गाडीने पुढे गेला होता; त्याने कंपनीत रजा कळवली होती. वाटेत विंचूर मागे पडल्यावर ज्ञानेश म्हणाला, "गुरुजी, रिकार्डोला आपली चूक कागदावर लिहायची होती. मला ती एका बाईसमोर सांगायची आहे."

भारतच्या गल्लीत घराघरांतून मागांचा आवाज येत होता. त्याच्या घरात तो नव्हता, आणि त्यामुळे ते घर गल्लीत निराळे ओळखू येत होते. आत सारी जमीन शहाबादी फरशीची. फक्त खिडकीखाली पांढऱ्या चकचकीत टाइल्सचा एक चौकोन होता. विणकर ज्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो खड्डा तेथे होता, हे सांगावे लागले नाही. मला त्या चौकोनाकडे पाहवेना. देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून नेल्यावर उरलेली जागा तशी दिसते.

भारतची पत्नी प्रतिभा हिने आम्हांला चहा दिला, पण वर पाहिले नाही. ज्ञानेश बोलणार तोच तिने नवऱ्याचा मोबाइल उचलला आणि एक ध्वनिमुद्रण लावले. खोलीत ज्ञानेशचा आवाज उमटला, स्पष्ट, गोड, निःशंक: ठेवू नये. जे काम यंत्र स्वस्तात करते, त्यात माणसाने आपली पाठ मोडून घेऊ नये. ज्ञानेशने डोळे मिटून घेतले.

"हे रोज ऐकवत होते मला," ती म्हणाली. "मी एक बोलले की हे लावायचे."

ज्ञानेशने हात जोडले. आपण चुकलो, असे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. मग तो सिद्धान्ताकडे वळला: पैठणी हे साध्या कापडासारखे नाही, हाताच्या कामाची जागा यंत्र पूर्णपणे घेऊ शकत नाही, रिकार्डोनेसुद्धा पुढे आपले मत बदलले, आणि म्हणून माग ठेवावा. तो मनापासून बोलत होता. प्रतिभाने त्याला मध्येच थांबवले.

"सर, मागच्या वेळी म्हणले ठेवू नका, आता म्हणता ठेवा. आवाज दोन्ही वेळा तसाच गोड. मी काय समजायचं? हे रात्री सांगत होते, तुमच्याकडं दोन आसनं असतात. आमच्याकडं ही एकच सतरंजी हाय. आज तुम्ही कोणाच्या वतीनं बसलाय तिच्यावर?"

भारत खाली मान घालून होता, तरी त्याला हसू आले, आणि त्या हसण्याने मला थोडा धीर आला. मी प्रतिभाला म्हणालो की मुली, आमच्या रीतीने तुझ्या घराचे नुकसान केले आहे हे खरे, पण ती रीत मुळात सभा रंगवण्यासाठी नव्हती. ज्याच्याशी वाद करायचा, त्याच्या जागी आधी स्वतः बसून पाहावे, एवढ्यासाठी ती होती. तुमची दोघांची इच्छा असेल तर आज ती तुम्ही करून पाहा. भारतने तुझे म्हणणे तुझ्या तोंडचे म्हणून सांगावे, आणि तुझे समाधान होईपर्यंत सांगावे. मग तू त्याचे सांग. आम्ही दोघे काहीही बोलणार नाही.

भारतने घसा साफ केला. "ही म्हणती," त्याने सुरुवात केली, आणि मग स्वतःच सुधारून घेतले. "मी म्हणते, माग सासऱ्याचा असंल, पण त्याच्यावर पाय माझे बी चाललेत. पदरावरच्या मोराचा डोळा मीच भरते, यांना तो जमत नाय. यांना नोकरी करायची तर करू द्या. माझं काम कशाला मोडलं?" तो थांबला.

"एक राहिलं," प्रतिभा म्हणाली.

त्याने बराच विचार केला. "मला विचारलं नाय," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला.

"हां," ती म्हणाली. "आता झालं."

मग ती बोलू लागली. पहिल्या शब्दाला तिच्या ओठांवर थट्टा होती. दुसऱ्या वाक्याला ती उरली नाही. "मी भारत. माझी कंबर गेलीय. खड्ड्यातून पाय वर काढताना मी भिंत धरतो, आणि बायकोला वाटतं मी खिडकीतून बाहेर बघतोय, असं मला वाटतं. मला माग सोडायचा होता, लय आधीपासून. पण बापाचा माग पोरानं मोडला, असं गल्लीत माझं नाव नको निघायला. कोणीतरी मोठ्या माणसानं सांगायला पाहिजे होतं. तो माणूस नाशिकला भेटला."

शेजारच्या घरातला मागाचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. ज्ञानेश सारा दोष स्वतःवर घ्यायला आला होता, आणि तो दोष घेण्यासाठी पुढे केलेले त्याचे हात तसेच राहिले. पूर्वपक्ष म्हणजे काय हे मी इतकी वर्षे सांगत आलो. तो खरोखर ऐकला तो त्या दिवशी.

भारतने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "तुला कधीपासून माहीत?" त्याने विचारले.

"भिंतीवर हाताचा डाग हाय की तुमच्या," ती म्हणाली. "मीच पुसते."

ज्ञानेशने ते हात मागे घेतले. यामुळे माझी चूक कमी होत नाही, असे तो म्हणाला. यांना एक शब्द हवा होता, आणि तो कशासाठी हवा आहे हे न विचारता मी दिला. मग तो प्रतिभाकडे वळला. "ताई, मी आज कोणाच्याच वतीनं बसलेलो नाही. आणि माझं मत विचाराल, तर तुमच्या घराविषयी माझं मत नाही. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

भारतने मोबाइल उचलला. त्याने आमच्यादेखत ते ध्वनिमुद्रण पुसून टाकले, आणि मग हॉटेलवाल्यांना फोन करून सांगितले की गाडी पाठवू नका, माग घरचा आहे आणि घरीच लागणार आहे. पलीकडून कुरबूर झाली असावी. त्याने दोनदा तेच वाक्य सांगितले. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "कंपनी मी सोडत नाय."

"कोण म्हणलं सोडा? कंबर तुमची हाय, माग माझा हाय," ती म्हणाली. "पण ती फरशी मी काढणार नाय. ज्यानं टाकली त्यानं काढायची."

ज्ञानेशने पिशवीतून ते तांबडे फडके काढले. धोटा त्याने भारतसमोर नाही, प्रतिभासमोर धरला. तिने तो घेतला, त्याचे टोक बोटाने चाचपून पाहिले, आणि मग पहिल्यांदा आमच्याकडे सरळ पाहून चहा थंड झाला का ते विचारले. तो थंड झाला होता. तिने पुन्हा केला.

निघताना दारातून मागे पाहिले तेव्हा भारत पांढऱ्या चौकोनाजवळ उकिडवा बसून, कोठून घाव घालावा याचा अंदाज घेत होता, आणि उठताना त्याने उघडपणे भिंतीचा आधार घेतला.

पुढच्या शनिवारी, माझ्या गुरूंची मनोमन क्षमा मागून, मी त्यांच्या नियमाला एक जोड दिली. डाव्या आसनावर बसणाऱ्याने, आज आपण कोणाच्या मुखाने बोलणार आहोत आणि आपले म्हणणे केव्हा सांगणार आहोत, हे आधी सांगावे. आणि एखाद्या श्रोत्याने स्वतःच्या आयुष्याविषयी प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी आसनावरून उठावे. ज्ञानेशने त्या दिवशी मार्क्सचे राहिलेले व्याख्यान पुरे केले. त्याचा आवाज पूर्वीइतका गोड नव्हता. मला तो अधिक आवडला.

प्रतिभाच्या मागाचा आवाज त्या गल्लीत मिसळत राहो. भारतच्या पाठीला विश्रांती मिळो, आणि वडिलांच्या स्मरणाने त्याला कधी मान खाली घालावी न लागो. ज्ञानेशच्या वाणीला हा नवा संकोच लाभला आहे, तो टिको. आणि मत बदलल्यावर ते जगासमोर सांगणारा तो दूरदेशीचा गृहस्थ जेथे कोठे असेल, तेथे त्यालाही शांती लाभो.